बाळंतपणासाठी तिला गोव्यात बोलावण्याआधी

आखातात असलेल्या मुलीला दिवस गेले की आमच्या पेडणे-डिचोलीकडे पहिला प्रश्न ठरलेला: "सातव्यात येणार की आठव्यात?" पहिलं बाळंतपण माहेरीच, हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. तिला विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. सध्या आमच्या घरात भाचीवरून हाच वाद चालू आहे आणि मी उघडपणे तिच्या बाजूने आहे. तिला दुबईतच बाळंत व्हायचंय, तर होऊ दे. तिच्या आईने तिकडे जावं.

आधी रजेचं बघा. अमिरातीत खासगी कंपनीत बाळंतपणाची रजा 60 दिवसांची, त्यातले 45 दिवस पूर्ण पगारी आणि 15 दिवस अर्ध्या पगारी. भारतात 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे मिळतात. ब्रिटनमध्ये 52 आठवड्यांपर्यंत रजा घेता येते. म्हणून "अमक्याची मुलगी लंडनहून आली, मग आमची का नाही?" असं म्हणू नये. आपली रीत म्हणजे सातव्यात यायचं आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर जायचं. अगदी शेवटी येते म्हटलं तरी जमत नाही, कारण साधारण 28 आठवड्यांनंतर विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि 36 नंतर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. पाच-सहा महिन्यांचा मुक्काम 60 दिवसांत बसणार कसा? मग नोकरी सुटते. व्हिसा त्या नोकरीवर असेल तर तोही जातो. शारजात आम्ही राहायचो त्या इमारतीत नर्स होत्या, अकाउंटंट होत्या, "बाळ जरा मोठं झालं की बघू" म्हणत घरी बसलेल्या. हे दुःख त्या फोनवर आईला कधी सांगत नाहीत.

मला याहून जास्त लागतं ते बापाचं. माझा थोरला गोव्यात झाला, धाकटी शारजात. थोरल्याच्या वेळी नवऱ्याला जेमतेम बारशापुरती सुट्टी मिळाली. पुढे तो मुलाला फोनवरच बघत राहिला, आणि आम्ही परत गेलो तेव्हा मूल त्याच्याकडे जाईना. त्याने हात पुढे केले की ते रडायचं. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेले नाही. धाकटीला मात्र इस्पितळातून घरी आणल्यापासून त्यानेच न्हाऊ घातलं, रात्री उठून लंगोट बदलले. आजही ताप आला की ती आधी बाबाला हाक मारते. गोव्यातल्या तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, घरांनी ही ताटातूट पिढ्यान्‌पिढ्या सोसली, कारण बोटीवर बायकामुलांना नेता येत नव्हतं. पण ज्याचं घर, ज्याचा संसार तिकडेच उभा आहे, त्या बापाला आपण रीतीपायी कशाला तारवटी करायचं?

आता आजीचं. तिला पाठवायचं म्हटलं की घोडं पासपोर्टवर अडतं. आपल्याकडे कितीतरी बायकांची नावं लग्नात बदललेली. जन्माची नोंद माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. 1961 च्या आधी जन्मलेल्यांच्या नोंदी तर पोर्तुगीज वळणाच्या, प्रभूंचं पोरोबो नि कामतांचं कामोतीं झालेलं. हे सगळं जुळवायला वेळ लागतो. गोड बातमी कळली की त्याच आठवड्यात पणजीच्या पासपोर्ट कार्यालयाच्या मागे लागा.

लाडवांविषयी एक सांगून ठेवते, कारण हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तिथे ती अमली पदार्थात धरतात आणि विमानतळावर सापडली तर अटक होऊ शकते. बाळंतिणीच्या लाडवांत चिमूटभरही घालू नका. डिंक, आळीव, मेथी तिकडे भारतीय दुकानांत मिळतात, लाडू तिथेच वळा.

तिकडे आजीला जड जातं, हेही खरं. जुलै-ऑगस्टात बाहेर पाऊल टाकवत नाही. शेजारी कोण राहतं ते कळत नाही. अंगण नाही, बोलायला माणूस नाही. पर्यटक व्हिसा 30 किंवा 60 दिवसांचा असतो. म्हणून एकट्या आजीवर सगळं टाकू नये. आधी तिची आई, मग सासू, असं वाटून घ्यावं. यात सासरचा मान कमी होत नाही, उलट दोन्ही आज्यांना नातवंड मांडीवर घ्यायला मिळतं.

कागदपत्रांचं काम मात्र गोव्यातच सुरू करायला हवं. तिकडे बाळाचा जन्मदाखला काढताना आईवडिलांच्या लग्नाचा दाखला लागतो. त्यावर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास यांचे शिक्के लागतात. लग्नाच्या नोंदणीची दुसरी, म्हणजे शेवटची, सही झाली की लगेच हे उरकून टाका. बाळ झाल्यावर 120 दिवसांत त्याचा निवासी व्हिसा व्हायला हवा, नाहीतर दररोज दंड चढतो. भारतीय वकिलातीत जन्माची नोंद एका वर्षाच्या आत करा, त्याच्या भारतीय नागरिकत्वाचा प्रश्न आहे. आणि नवराबायकोपैकी कुणी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला असेल, तर बाळाचं नागरिकत्व कुठलं ठेवायचं हे दोघांनी आधीच ठरवावं. भारत दोन्ही ठेवू देत नाही.

कुणी येऊच नये असं मी म्हणत नाही. विम्यात बाळंतपण बसत नसेल, प्रकृतीची काही गुंतागुंत असेल, किंवा तिलाच आईच्या घरी यावंसं वाटत असेल, तर तिने जरूर यावं. आमचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ, आहे, मोपाचा विमानतळ आता पेडणे तालुक्यातच आहे. फक्त हे तिने ठरवावं. वाड्यावरच्या बायका "माहेरच्यांनी हात झटकले" म्हणतील, या भीतीने दुसऱ्या कुणी ठरवू नये.

भाचीची तारीख नेमकी चवथीच्या आसपास आहे आणि माझ्या बहिणीचा मुख्य घोर तोच: घरच्या गणपतीचं कोण बघणार? मी तिला सांगितलंय, तू निर्धास्त जा. गणपतीवरची फळापानांची माटोळी आम्ही जावा-जावा बांधू, नैवेद्य मी करीन. तिने कालच पासपोर्टचा अर्ज भरला.