कॅमेऱ्याची अंतिम तिथी

पावशेर चिवड्याच्या पाकिटावर तो कधीपर्यंत खावा हे छापलेले असते. मात्र काही हजारांच्या कॅमेऱ्यावर कधीपर्यंत विश्वास ठेवावा, म्हणजे कंपनी त्याला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत देणार, हे ना खोक्यावर छापलेले असते, ना माहितीपुस्तिकेत. घरातील इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक वस्तूची ही तिथी शोधण्याचा संकल्प मी सोडला, तेव्हा सौ.नी ‘त्यापेक्षा माळा आवरा’ असा पर्याय सुचवला होता.

आधी शिरगणती. कॅमेरा, राउटर, टीव्ही आणि गीझरचा प्लग एवढ्याच वस्तू माझ्या हिशेबात होत्या. परंतु ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचे पान उघडले, तर ‘ईएसपी’ आणि पुढे सहा अगम्य अक्षरे असे नाव धारण करणारा एक इसमही आमच्याकडे राहत असल्याचे कळले. घरातील बटणे एकेक करून बंद केल्यावर तो देवघरातला बल्ब निघाला. चिरंजीवांनी तो सेलमध्ये घेतला होता आणि मोबाइलवरून त्याचा रंग बदलण्याची हौस आठवड्यात फिटली होती. बल्ब मात्र तेव्हापासून इमानेइतबारे इंटरनेटवर होता.

राउटरचे वापरकर्तानाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’ होता. ‘बदलू नका हो साहेब, नंतर आम्हालाच शोधत बसावं लागतं,’ असे जोडणी करून देणाऱ्या मुलाने बजावले होते. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेल्या अशाच साठेक जोड्या जगभरच्या कॅमेऱ्यांवर आणि राउटरांवर चालवून पाहिल्या, लाखो उपकरणे ताब्यात घेतली, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्यातल्याच हजारोंना कामाला जुंपून संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतील डाइन या कंपनीवर असा मारा झाला की ट्विटर आणि नेटफ्लिक्सदेखील अनेकांना उघडेनात. हे वाचल्यावर मी मुलाचा सल्ला बाजूला ठेवून दोन्ही पासवर्ड बदलले. वायफायचा तर इतका लांब केला की तो सांगताना मध्ये श्वास घ्यावा लागतो.

खरा कस कॅमेऱ्याने पाहिला. अपडेट शोधायचे तर नुसते मॉडेल पुरत नाही, त्याची आवृत्तीही लागते. आणि ती ज्या स्टिकरवर असते, तो भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. स्टुलावर चढून, मोबाइल भिंतीच्या फटीत सरकवून काढलेल्या फोटोत अखेर ‘व्ही २’ दिसले. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘व्ही २’चे शेवटचे फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, २०२१चे होते. त्यानंतर त्यात एकही दोष निघाला नाही, की दोष शोधणारेच निघून गेले, हे विचारण्यासाठी मी ग्राहक सेवेला फोन लावला.

‘सर, आपली वॉरंटी संपली आहे.’

‘वॉरंटी नको. सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार?’

‘सर, कॅमेऱ्यात चित्र दिसतंय का?’

‘दिसतंय.’

‘मग प्रॉब्लेम काय आहे, सर?’

चित्र आणखी कोणाकोणाला दिसते आहे हाच प्रॉब्लेम असल्याचे मी समजावले, तेव्हा पलीकडून नव्या मॉडेलवर सवलत देऊ करण्यात आली. त्याचा सपोर्ट किती वर्षे, असे विचारल्यावर उत्तर आले, ‘सर, एक वर्ष वॉरंटी.’

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून अशा वस्तूंना सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे आधीच जाहीर करण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. आपल्याकडेही एप्रिल २०२५पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाचाचणी लागू झाली. भिंतीवर आधीच विराजमान झालेल्यांची चौकशी मात्र घरमालकानेच करायची आहे.

ज्यांना अपडेट मिळत नाही, त्यांना निदान राउटरच्या ‘गेस्ट’ जाळ्यावर वेगळे बसवावे, म्हणजे ते बिघडले तरी घरातल्या संगणकापर्यंत पोहोचणे अवघड जाते, हा उपाय मला पटला. कॅमेरा, प्लग आणि देवघरातला बल्ब यांची तिकडे रवानगी झाली. दिवाळीत मेहुणे आले आणि त्यांनी चहाच्या आधी वायफाय मागितले. पाहुण्यांचे जाळे वेगळे ठेवले आहे, असे मी सांगताच तिथे आणखी कोण आहे अशी सौ.नी चौकशी केली आणि आपला सख्खा भाऊ संशयित बल्बाच्या पंगतीला बसणार नाही, हे ठणकावून सांगितले. मेहुण्यांना घरचा पासवर्ड मिळाला. तो फारच लांब असल्याने सगळ्यांच्या सोयीसाठी त्यांनी माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवला आहे.