पुनर्निर्देशने हटवू नका: घेरिया, इसवण आणि तिसऱ्या

मराठी विकिपीडियावर कोकणातल्या गावांचे, किल्ल्यांचे, माशांचे लेख वाढायला लागले की एक म्हणणे हमखास फिरायला लागते. ते असे: पुनर्निर्देशनाची पाने, म्हणजे एका नावावरून वाचकाला दुसऱ्या नावाच्या लेखाकडे वळवणारी पाने, हा नुसता भरणा आहे. त्यांनी लेखसंख्या फुगते, जागा अडते. शोध आता इतका हुशार झाला आहे की त्यांची गरज उरलेली नाही, तेव्हा दिसतील तिथे ती हटवावीत, कोणाचे काही बिघडत नाही. आणि ठेवायचीच असतील तर ठेवा, पण त्यांना वर्ग, म्हणजे सारखी पाने एका यादीत आणणारी खूण, लावत बसणे म्हणजे वेळ फुकट घालवणे. यातली एक गोष्ट थोडीशी खरी आहे, ती शेवटी घेऊ. बाकीच्या चुकीच्या आहेत, आणि त्याप्रमाणे वागले की कोकणातली जुनी आणि बोलीतली नावे वाचकाच्या हाताबाहेर जातात.

लेखसंख्येचा मुद्दा आधी, कारण तो लगेच मिटतो. सांख्यिकीच्या विशेष पानावर लेखांचा आकडा वेगळा असतो आणि एकूण पानांचा वेगळा. लेखांच्या आकड्यात पुनर्निर्देशन धरलेच जात नाही. एकूण पानांत मात्र चर्चापाने, साचे, सदस्यपाने, पुनर्निर्देशने असे सगळेच येते. लोक दुसरा आकडा बघतात आणि आरोप पहिल्यावर करतात.

आता जागा. समजा, एका पानावर एवढेच लिहिले आहे:

#पुनर्निर्देशन [[मालवण]]

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, साठवताना ३ बाइट घेते. सुरुवातीचे चिन्ह, मधली मोकळी जागा आणि चार कंस यांना प्रत्येकी १ बाइट. मोजून बघा: सगळे मिळून ६० बाइट होतात. आणि हे पान हटवल्याने ते ६० बाइटही मोकळे होत नाहीत. हटवलेल्या पानाच्या आवृत्त्या डेटाबेसमध्येच राहतात आणि प्रचालकांना, म्हणजे पाने हटवण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांना, त्या दिसतात. वर हटवल्याची एक नोंद वाढते, ती वेगळीच. जागा वाचवण्यासाठी पुनर्निर्देशन हटवले तर जागा थोडी जास्तच लागते.

शोधाच्या हुशारीचे म्हणणे ऐकायला पटते. शोधपेटीला एखाददुसऱ्या अक्षराची चूक ओळखता येते, हे खरे. पण विजयदुर्गाला इंग्रजांच्या जुन्या कागदांत घेरिया म्हटले आहे. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी घेतला तो हाच किल्ला. घेरिया आणि विजयदुर्ग हे दोन शब्द एकमेकांच्या जवळपासही नाहीत, मग शोधयंत्र कशाच्या जोरावर जोडणार? बाणकोटच्या किल्ल्याला हिम्मतगडही म्हणतात आणि फोर्ट व्हिक्टोरियाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे इसवण म्हणणाऱ्या माणसाला सुरमईचा लेख कोण दाखवणार? आणि मुळात शोधपेटीत ही नावे टाइप करता करता जे सुचत जाते, ते पुनर्निर्देशनांच्या शीर्षकांमुळेच. शोधाच्या साठ्यात ती शीर्षके मूळ लेखाच्या नोंदीला जोडलेली असतात. पुनर्निर्देशन काढले की ती नोंद तेवढी कमी होते. ज्या हुशारीच्या भरवशावर पाने हटवायची, तीच हुशारी हटवण्याने कमी होते.

शिवाय लेखांमधले दुवे शोधावर चालतच नाहीत. दुव्याला शीर्षक तंतोतंत जुळावे लागते. घेरियाचे पान नसेल तर इतिहासाच्या लेखातला घेरिया लाल दिसतो आणि कोणीतरी नवा माणूस चांगल्या हेतूने त्या लाल दुव्यावर टिचकी मारून विजयदुर्गाचा दुसरा लेख सुरू करतो. पुढे दोन लेख एकत्र करण्याचे काम वाढते.

तंतोतंत म्हणजे किती तंतोतंत, ते तिसऱ्यांवरून कळेल. खाडीतल्या या शिंपल्यांचे नाव दोन प्रकारे टाइप होते: तिसऱ्या आणि तिसर्‍या. डोळ्याला फरक दिसत नाही. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साधा र, त्याला हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. पहिले शीर्षक ७ चिन्हांचे, म्हणजे २१ बाइट. दुसरे ८ चिन्हांचे, २४ बाइट. विकीचे सॉफ्टवेअर शीर्षकातली काही अदृश्य चिन्हे आपणहून गाळते, पण हे जोडचिन्ह गाळत नाही. म्हणून ही दोन वेगळी पाने ठरतात. गाऱ्हाणे या शब्दाचेही तेच. शंका आली तर शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबत जा. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या प्रकारात एक दाब जास्त लागतो. असे दुसऱ्या रूपातले शीर्षक सापडले की ते नक्कल म्हणून हटवायला सुचवले जाते, कारण यादीत दोन्ही सारखीच दिसतात. ते हटवू नये. लेख एका रूपावर ठेवावा आणि दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन द्यावे.

हटवल्याने कोणाचे बिघडत नाही, हे म्हणणे तर धोक्याचे आहे. लेख एकत्र केले जातात तेव्हा एकातला मजकूर दुसऱ्यात जातो आणि रिकाम्या झालेल्या पानाचे पुनर्निर्देशन होते. त्या पानाच्या इतिहासात मूळ लेखकांची नावे असतात. विकिपीडियाच्या परवान्यात श्रेय देण्याची अट आहे आणि ते श्रेय त्या इतिहासातच उरलेले असते. ६० बाइटांचे दिसणारे पान हटवले तर कोणाचे तरी काम निनावी होते. म्हणून कोणतेही पुनर्निर्देशन हटवायला सुचवण्याआधी दोन गोष्टी बघा. पानाचा इतिहास एका ओळीहून मोठा आहे का? आणि ‘येथे काय जोडले आहे’ या यादीत दुवे आहेत का? दुवे नसले तरी बाहेरच्या संकेतस्थळांवरून आणि छापील पुस्तकांतून येणारे दुवे त्या यादीत दिसत नाहीत, हे धरून चाला.

आता वर्ग लावण्याचा मुद्दा. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

मोडलेली पुनर्निर्देशने, म्हणजे ज्यांचे लक्ष्यपान हटले आहे ती, सॉफ्टवेअर स्वतः शोधून एका विशेष पानावर देते. दुहेरी पुनर्निर्देशनेही देते: एकावरून दुसऱ्यावर आणि तिथून तिसऱ्यावर. सॉफ्टवेअर एकच पायरी चालते, दुसऱ्या पायरीवर वाचक बाण दाखवणाऱ्या रिकाम्या पानावर अडकतो. ही यादी बघून सांगकाम्या, म्हणजे आपोआप संपादने करणारा प्रोग्राम, दुरुस्त्या करतो. इथपर्यंत वर्गाची गरज नाही, हे मान्य.

पण हे बघा. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होते. समजा, कोणी ‘कुलाबा जिल्हा’ हे पान ‘रायगड’कडे वळवले. पुढे ‘रायगड’ या शीर्षकावर महाडजवळच्या किल्ल्याचा लेख आला. आता अलिबागचा जुना दस्तऐवज वाचणारा माणूस जिल्हा शोधत येतो आणि थेट गडावर पोहोचतो. हे पुनर्निर्देशन मोडलेले नाही, दुहेरीही नाही. यंत्राच्या दृष्टीने ते ठणठणीत आहे, म्हणून कोणत्याच यादीत येत नाही. ते सापडते ते माणसाने ‘जुन्या नावांवरून पुनर्निर्देशने’ असा वर्ग उघडून वरून खाली नजर फिरवली तरच.

दुसरा उपयोग शुद्धलेखनाचा. चिपळूण हे नियमाप्रमाणे. चिपळुण, राजापुर, रत्नागीरी या चुका. या चुकांवरून पुनर्निर्देशन हवेच, पण लेखात तसा दुवा असेल तर तो दुरुस्त व्हायला हवा. घेरियाचे उलट आहे: १७५६च्या लढाईच्या लेखात घेरिया हा दुवा बरोबरच आहे, तो बदलायचा नाही. सांगकाम्याला हा फरक कसा कळणार? फक्त वर्गावरून. त्यातही त्याने दुव्याचे लक्ष्य तेवढे बदलावे, मजकूर नाही. चिपळुण दिसेल तिथे चिपळूण करत सुटला, तर चिपळुणात, चिपळुणला ही अगदी शुद्ध रूपे बिघडतील, कारण सामान्यरूपात तो उकार ऱ्हस्वच होतो.

तिसरा उपयोग भावी लेखांचा. आमसुलावर आज वेगळा लेख नसेल तर ‘#पुनर्निर्देशन [[कोकम#आमसूल]]’ असे विभागाकडे वळवता येते. विभागाचा मथळा कोणी ‘आमसुले’ केला की वाचक पानाच्या माथ्यावर उतरतो, आणि याचीही सूचना कुठे येत नाही. ‘विभागाकडे जाणारी’ आणि ‘स्वतंत्र लेख होऊ शकणारी’ असे दोन वर्ग असले की पहिल्याची तपासणी करता येते, दुसऱ्यातून लिहिणाऱ्याला विषय मिळतात.

इंग्रजी विकिपीडियावर असे शंभराहून जास्त प्रकार आहेत. मराठीत तेवढ्यांची गरज नाही. जुने नाव, बोलीतले नाव, अशुद्ध रूप, अदृश्य चिन्हाचा फरक, विभाग, भावी लेख: सहा पुरे. पुनर्निर्देशनाची ओळ पानाच्या अगदी पहिल्या जागी हवी, तिच्याआधी एक शब्दही आला तर पान वळतच नाही. वर्ग किंवा साचा त्याखाली, एक ओळ सोडून. लेखाचे नेहमीचे वर्ग, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील गावे वगैरे, सहसा इथे लावू नयेत. एकच गाव यादीत दोनदा येते.

सगळीच पुनर्निर्देशने ठेवण्याजोगी असतात असेही नाही. मालवणला, मालवणात अशा विभक्तीरूपांची पाने करू नयेत. [[मालवण]]ला असे लिहिले की पूर्ण शब्दच दुवा होतो आणि चिपळुणात साठी [[चिपळूण|चिपळुणात]] पुरते. मुरूड हे एका गावाकडे वळवू नये. एक जंजिऱ्याजवळचे, एक दापोली तालुक्यातले महर्षी कर्व्यांचे, एक लातूर जिल्ह्यातले. तिथे निःसंदिग्धीकरणाचे, म्हणजे एकाच नावाच्या सगळ्या लेखांची यादी देणारे, पानच हवे.

आणि सुरुवातीला म्हटलेली थोडीशी खरी गोष्ट, वर्ग लावण्याबद्दलची. पान नव्या शीर्षकावर हलवले की जुन्या शीर्षकावर पुनर्निर्देशन आपोआप तयार होते. त्यावर एकच आवृत्ती असेपर्यंत साधा सदस्यही लेख परत मूळ जागी हलवू शकतो. तुम्ही तिथे वर्ग लावला की दुसरी आवृत्ती तयार होते आणि परतीसाठी प्रचालक लागतो. म्हणून हर्णै की हर्णे, असा शीर्षकाचा वाद चर्चापानावर चालू असेल तर तो मिटेपर्यंत त्या पुनर्निर्देशनाला हात लावू नका. वर्ग मागाहून लावता येतो.