एसडब्ल्यूआर 1:1 आला म्हणजे 80 मीटर चालू झाला, असं नाही

हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: 40 मीटर तरंगलांबीच्या बँडसाठी (सुमारे 7 मेगाहर्ट्झ) उभारलेला 10 मीटर उंचीचा उभा अँटेना असेल तर 80 आणि 160 मीटरच्या बँडसाठी (सुमारे 3.6 आणि 1.8 मेगाहर्ट्झ) वेगळं काही करायला नको. रेडिओशेजारी ट्यूनर (रेडिओ आणि केबल यांचा मेळ घालणारा डबा) ठेवा, एसडब्ल्यूआर (किती शक्ती परत फिरते याचं माप; 1:1 म्हणजे काहीच नाही) 1:1 करा, बुडाशी अर्थिंगचा रॉड ठोका. रेडियल, म्हणजे बुडापासून चहूबाजूंना जाणाऱ्या तारा, अंथरणं म्हणजे वायफळ खटाटोप. आणि वर हेही, की पुराच्या वेळी सांगली-साताऱ्यात हाच सेटअप कामाला येईल. नुकतं लायसन्स मिळालेली मुलं हे वाचून खरेदीला निघालीत, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

आधी ट्यूनर. 10 मीटरची नळी 7.1 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची असते; तिथे तिचा रेडिएशन रेझिस्टन्स (रोधाचा तो भाग, ज्यातली शक्ती लहरी होऊन हवेत जाते) 36 ओहमच्या आसपास. तीच नळी 3.6 मेगाहर्ट्झला आखूड पडते आणि हा आकडा 6 ओहमवर येतो. 160 मीटरला दीड ओहम. शिवाय 3.6 ला पावणेचारशे ओहमांचा कपॅसिटिव्ह रिअ‍ॅक्टन्स (कपॅसिटरसारखा अडथळा; कॉइलने तो फेडता येतो) मधे उभा राहतो. खोलीतला ट्यूनर यातलं काहीच बदलत नाही. तो रेडिओला 50 ओहम दाखवतो, पण ट्यूनरपासून अँटेनापर्यंतच्या केबलवर एसडब्ल्यूआर शंभराच्या घरातच असतो. ही केबल 30 मीटर आरजी-58 (बारीक कोअ‍ॅक्सिअल केबल) असेल, तर 100 वॉटांपैकी जेमतेम 10 वॉट अँटेनाच्या बुडाशी पोचतात. उरलेले केबल तापवतात.

उपाय बुडाशी आहे. 63 मिलीमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर 2 मिलीमीटर जाडीची तांब्याची तार, 10 सेंटीमीटर लांबीत चोवीस-पंचवीस वेढे, दोन वेढ्यांत तारेच्या जाडीएवढी फट. ही साधारण 17 मायक्रोहेन्रीची कॉइल 80 मीटरचा रिअ‍ॅक्टन्स तिथल्या तिथे फेडते. एक-दोन वेढे जास्तच घ्या आणि क्लिप सरकवत रिअ‍ॅक्टन्स पुरता फिटेल ती जागा शोधा.

आता रॉड. वीज पडण्यापासून बचावासाठी तो हवाच, काढू नका. पण आरएफ (रेडिओ लहरींच्या) करंटला परतीची वाट म्हणून त्याचा फारसा उपयोग नाही. ओलसर काळ्या जमिनीतही 3.6 मेगाहर्ट्झचा करंट वरच्या दीड-दोन मीटरांतच बराचसा विरतो, त्यामुळे रॉड आणखी खोल ठोकून काही मिळत नाही. मिरज-वाळव्याच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडल्या की रॉडभोवतीची माती सुटते. माण-खटाव किंवा जतच्या मुरमात तर पावसाळ्यातही ती धड धरत नाही. रेडियल जुन्या लोकांची हौस नव्हे. ब्राउन, लुईस आणि एपस्टीन या अभियंत्यांनी 1937 साली मोजमापं प्रसिद्ध केली आणि त्यानंतर मध्यम लहरींच्या मनोऱ्याखाली 120 तारा पुरण्याचा प्रघात पडला. आपल्याला 120 नकोत. अँटेना 10 मीटरचा असेल तर तेवढ्याच लांबीच्या पंचवीस-तीस तारा जमिनीवर अंथरल्या तरी पुष्कळ फरक पडतो. तासगावकडे द्राक्षबागेची गॅल्व्हनाइज्ड तार सहज मिळते. ती चालते, पण तांब्याहून तोटा जास्त, आणि जस्त उडून गंज धरला की बदलावी लागते.

या मजकुरातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे 1:1 वरचा विश्वास. कॉइल बसवली आणि तिचा स्वतःचा तोटा बाजूला ठेवला, तर हिशेब सोपा आहे. जमिनीतला तोटा (शक्ती मातीत जिरवणारा रोध) 44 ओहम असेल तर 6 अधिक 44 म्हणजे 50. मीटर 1:1 दाखवतो आणि 100 वॉटांपैकी फक्त 12 हवेत जातात. रेडियल घालून तोटा 10 ओहमवर आणा: आता एसडब्ल्यूआर 3 च्या वर आणि हवेत 37 वॉट. मीटरवरचा आकडा बिघडला, सिग्नल तिपटीने वाढला! मग बुडाशी मॅचिंग करून (रोध 50 ओहमशी जुळवून) तो 3 खाली आणायचा. म्हणून एसडब्ल्यूआर मीटरवर नव्हे, नॅनो-व्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं उपकरण) रेझोनन्सचा, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स शून्य होतो तिथला, रेझिस्टन्स बघा. तारा जोडत जाल तसा तो उतरत जातो. उतरायचा थांबला की तारा पुरेशा झाल्या. अख्ख्या बँडभर सपाट एसडब्ल्यूआर मिळत असेल तर खूश होऊ नका, कुठेतरी तोटा चाललाय.

160 साठी हा अँटेना तसाच वापरूच नये. तिथे सुमारे 75 मायक्रोहेन्री लागतात आणि बऱ्यापैकी कॉइलचाही तोटा 4 ओहम, म्हणजे रेडिएशन रेझिस्टन्सच्या दुप्पट-तिप्पट. इथे टोकापासून दोन बाजूंना शक्य तितक्या आडव्या तारा ताणा. टोकाकडचा करंट वाढतो, रेडिएशन रेझिस्टन्सही वाढतो (आदर्श स्थितीत चौपट), आणि कॉइल लहान होते. हीच युक्ती 80 लाही लागू आहे.

राहिला पूर. ऑगस्ट 2019 चा महापूर ज्यांनी पाहिलाय, त्यांच्यासाठी हा मुद्दा चर्चेपुरता नाही. उभा अँटेना डोक्यावरच्या दिशेला जवळजवळ काहीच पाठवत नाही. सांगलीहून सातारा, कोल्हापूर, पुणे गाठायला सिग्नल सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरून (वातावरणाचा लहरी परतवणारा वरचा थर) खाली यावा लागतो. त्यासाठी सहा-आठ मीटरवर टांगलेला, दोन्ही बाजूंना 20-20 मीटर तारेचा साधा डायपोल (मधोमध केबल जोडलेला आडवा अँटेना) उभ्या अँटेनाहून कितीतरी सरस. उभा अँटेना रात्री परदेशी स्टेशनं गाठायला ठेवा. पुरासाठी डायपोल, दोरी आणि केबल आत्ताच एका पिशवीत भरून ठेवा.