ऑरेंज घरचं, संत्रं गलबतातलं

गेल्या आठवड्यात काटोलहून दादाने घरच्या ग्रुपवर फर्मान काढलं: यापुढे पोरांनी 'ऑरेंज' म्हणायचं नाही, शुद्ध मराठीत 'संत्रं' म्हणायचं. खाली अंगठ्यांची रांग. मी इकडे नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तच्या ट्रेनमध्ये होते, उतरेपर्यंत धुसफुसत राहिले.

शुद्ध म्हणजे काय रे दादा? संत्रं हे नाव पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आलं असं मानतात. मोसंबी मोझांबिकची. दोन्ही नावं गलबतातून उतरलेली. आणि तू हाकलतोस ते ऑरेंज मूळचं आपलं नारंग! संस्कृतात तेही बहुधा द्राविडी भाषांतून आलं. मल्याळीत लिंबाला आजही नारंगा म्हणतात. फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांहा. इटालियनमध्ये 'उना नारांचा' (एक नारिंग) म्हणता म्हणता न आधीच्या 'उना'त विरला आणि अरांचा उरलं. फ्रेंचमध्येही न गळाला, तेच इंग्रजांनी उचललं. रंगाला ऑरेंज म्हणायला लागले ते 16व्या शतकात. फळ आधी, रंग मागून. नारिंगी म्हणताना आपण तोच शब्द बोलतो.

इथे डचमध्ये फळाला सिनासापल म्हणतात, चीनचं सफरचंद. 27 एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, अख्खं गाव नारिंगी कपड्यांत कालव्याकाठी उतरतं, आणि राजघराण्याचं ओरान्ये हे नाव मुळात फ्रान्समधल्या एका गावाचं, फळाशी नातं नसलेलं. त्याची शुद्धता तपासायला कुणी बसत नाही. भाषा अशी मोकळी ठेवली तरच जगते, हे मला इथे राहून पटलंय.

हे सगळं मी दादाला लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीचं: "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस."

लागलं मला. कारण बगीचा तो सांभाळतो. बहार धरायला झाडं ताणावर सोडणं, म्हणजे पाणी तोडणं, मग आळ्यांत पाणी देणं, फळगळ झाली की रात्र रात्र न झोपणं, सगळं त्याचं. माझ्याकडे फक्त शब्दांचा इतिहास.

काल आल्बर्ट हाइन या सुपरमार्केटमधून मांदारेनची, म्हणजे इथल्या छोट्या संत्र्यांची, जाळी आणली. नागपुरी संत्रंही याच कुळातलं. सोलताना सालीचं तेल बोटांवर उडालं, आणि आईच्या पदराला येणारा वास आला. लेकीने विचारलं, "आई, याला मराठीत काय म्हणतात?"

नारिंग सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून आलं, "संत्रं."