बाळ आलं म्हणून कुत्रं सोडायचं?

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. माहेरच्या ग्रुपवर, गल्लीतल्या तालमीच्या ग्रुपवर, बाळंतपणात ओळख झालेल्या आयांच्या ग्रुपवर, आणि शेवटी सासूबाईंच्या बहिणीनं, मावशींनी, खास मला एकटीला पाठवला. मजकूर थोडक्यात असा: "घरात दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर कुत्रं-मांजर आजच बाहेर काढा. त्यांचे केस फुफ्फुसात जाऊन बाळाला दमा होतो. मांजर दुधाच्या वासानं बाळाचा श्वास ओढून घेतं. मांजराच्या जंतूंनी मेंदू खराब होतो. कुत्र्यानं नुसतं चाटलं तरी रेबीज होतो. जनावर बाळाचा मत्सर करतं, कधी ना कधी हल्ला करणारच."

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. लेक आठ महिन्यांची आहे, घरात शेरू नावाचा पाच वर्षांचा गावठी कुत्रा आहे आणि मनी आहे. मावशींनी काळजीपोटीच पाठवलंय हे मला कळतं, म्हणून त्यांना नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवून गप्प बसले नाही. एकेक वाक्य घेऊन बाळाच्या डॉक्टरांना विचारलं, शेरूच्या डॉक्टरांना विचारलं, जमेल तेवढं वाचलं. लिहायला बसले ते मात्र आमच्याच गल्लीतल्या एका घरामुळं. त्यांनी हा मेसेज वाचला आणि सहा वर्षं सांभाळलेला कुत्रा गाडीत घालून कळंब्याच्या पुढं सोडून आले.

पहिलं केसांचं. केस फुफ्फुसात जातच नाही, तेवढा बारीक नसतोच. ॲलर्जी होते ती जनावराच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची, आणि ती ज्याला होते त्यालाच होते. ज्या बाळाला खरंच धाप लागते, छातीत घरघर होते, त्याला डॉक्टरांकडे न्या आणि ते सांगतील तसं करा, यात वादच नाही. पण कुत्रं घरात आहे म्हणून दमा होणार, हे अभ्यासातून दिसत नाही. स्वीडनमधल्या मुलांच्या देशभरातल्या नोंदींवरून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांमध्ये शाळेच्या वयात दम्याचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसलं. फिनलंडमध्ये ३९७ बाळांवर वर्षभर लक्ष ठेवलं, त्याचे निष्कर्ष २०१२ साली आले. कुत्रा असलेल्या घरांतल्या बाळांना सर्दी-खोकला आणि कानाचा त्रास कमी झाला, अँटिबायोटिकही कमी लागली. एवढ्यावरून कुत्रा म्हणजे दम्यावरचं औषध असं मी म्हणणार नाही, आणि केवळ त्यासाठी कुणी कुत्रा आणावा असंही नाही. उलटा दावा मात्र टिकत नाही.

फुफ्फुसाचीच काळजी असेल तर मला दुसरीच गोष्ट बोलायचीय. आपल्याकडं बाळाला अंघोळीनंतर ओवा, वावडिंग, लसणाच्या सालींची धुरी देतात, तीही दार-खिडकी लावून. संध्याकाळी त्याच खोलीत डासांची उदबत्ती जळत असते. बाळाच्या छातीला खरा त्रास होतो तो या धुराचा. आमच्या घरी धुरी बंद करताना सासूबाईंना वाईट वाटलं, पण डॉक्टरांनी समोर बसवून सांगितल्यावर त्यांनीच शेगडी माळ्यावर टाकली.

मांजर श्वास ओढून घेतं, हे माझ्या आज्जीच्या तोंडूनही ऐकलंय. तसं काही होत नाही. मांजराला ऊब लागते आणि बाळाच्या अंथरुणात ऊब असते, एवढंच त्यात तथ्य. पण तीन महिन्यांच्या बाळाला तोंडाशी आलेली वस्तू बाजूला सारता येत नाही, म्हणून मांजर कुशीत झोपणं धोक्याचंच आहे. बाळ झोपलं की त्या खोलीचं दार लावायचं. पाळण्यावरच्या मच्छरदाणीवर विसंबू नका, मनी एकदा नेमकी तिच्यावरच जाऊन बसली. पाळणा तेव्हा रिकामा होता, पण जाळी पार गादीला टेकलेली मी डोळ्यांनी पाहिली.

मेंदू खराब करणारे जंतू म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा. तो खरा आहे, आणि गरोदर बाईला पहिल्यांदाच लागण झाली तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. पण तो मांजराच्या विष्ठेतून येतो, अंगावर हात फिरवून नव्हे. मांजरही ते बहुधा पहिल्या लागणीनंतरचे एक-दोन, फार तर तीन आठवडे बाहेर टाकतं, आणि विष्ठेतून पडल्यावर ते लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाणीचा ट्रे रोज साफ करायचा आणि गरोदर बाईनं तो साफ करायचा नाही. माझ्या नऊ महिन्यांत ते काम नवऱ्यानं केलं. हाच जंतू अर्धंकच्चं मटण आणि न धुतलेल्या भाज्यांमधूनही येतो. कच्चं मटण चिरलेल्या विळीवर तशीच काकडी-कांदा चिरायची सवय मोडणं जास्त गरजेचं आहे.

आता रेबीज. इथं मेसेज अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक. रेबीज लाळेतून येतो, पण रेबीज झालेल्या जनावराच्या लाळेतून. धडधाकट कातडीवर चाटल्यानं तो होत नाही. जखमेवर, ओठांवर, डोळ्यांवर लाळ लागली तर मात्र ती गंभीर गोष्ट मानतात. बाळाच्या अंगावर ओरखडे असतात, लंगोटाच्या जागी पुरळ असतं, म्हणून शेरूला तिचं तोंड चाटू द्यायचं नाही हा आमचा नियम आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस आणि मग दरवर्षी बूस्टर. शेरूचं लसीचं कार्ड आम्ही बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतो, म्हणजे दोन्ही तारखा एकदम दिसतात.

आणि कुठल्याही कुत्र्या-मांजराचा दात किंवा नख लागलंच, घरचं असो वा रस्त्यावरचं, तर पहिल्यांदा वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. हळद नाही, चुना नाही, तिखट तर मुळीच नाही. आपल्याकडं अजून चावलेल्या जागी तिखट भरतात, बाळाच्या जखमेत ते भरण्याची कल्पनाही करवत नाही. धुऊन झालं की थेट सीपीआर, म्हणजे इथलं मोठं सरकारी रुग्णालय, किंवा जवळचा सरकारी दवाखाना. ही लस तान्ह्या बाळाला चालते, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. सांगितलेले सगळे डोस तारीख न चुकवता घ्यायचे. लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ कधीच बरा होत नाही, म्हणून "घरचंच आहे, बघू दोन दिवस" असं म्हणायचंच नाही.

जंतांबद्दल मेसेजमध्ये एक शब्दही नाही, याचं मला नवल वाटतं. ते तर रोजचं आहे. रविवारी मटणाच्या दुकानातून मिळणारी कच्ची आतडी-फुफ्फुसं आपण प्रेमानं कुत्र्याला घालतो. त्यातून कुत्र्याच्या पोटात जाणारा एक जंत माणसाच्या यकृतात पाण्याच्या मोठ्या गाठी करतो. शिजवून घाला, किंवा घालूच नका. जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या अंतरानं द्या, आणि रांगणाऱ्या बाळाचे हात खाण्याआधी धुवा.

राहिला मत्सर. या शब्दानं सगळी गफलत होते. लहान मुलांना चावणारं कुत्रं बहुतेक वेळा ओळखीचंच असतं आणि चावा तोंडावर-डोक्यावर बसतो, हे खरं आहे. पण कुत्रं त्याआधी सांगत असतं. लेक रांगायला लागली त्या आठवड्यात तिनं शेरूचा कान मुठीत धरला. शेरूनं मान फिरवली. मग जांभई दिली, झोप आलेली नसताना. मग नाकावरून जीभ फिरवली आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला. घरातले सगळे "बघा किती गुणाचा!" म्हणून मोबाईल काढत होते. मी लेकीची एकेक बोटं सोडवली आणि शेरूला गच्चीवर जाऊ दिलं. तो "सोडवा मला" असंच म्हणत होता. पुढची पायरी गुरगुरणं. त्यावरून त्याला मारू नका. गुरगुरायची भीती घातली की कुत्रं न सांगता चावतं.

म्हणून आमच्याकडं दोघांना एका खोलीत एकटं सोडत नाही, मिनिटभरही नाही, दारावर बेल वाजली तरी. त्याच्या जेवणाच्या ताटलीपाशी बाळ नाही. जिन्याखालची त्याची गोणपाटाची जागा त्याचीच, तिथं लेकीला जाऊ देत नाही. दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं तिचं दुपटं आणून शेरूला हुंगायला दिलं होतं.

जनावर खरंच सांभाळणं होत नसेल तर नातेवाइकांत, ओळखीत नवं घर शोधा, वेळ लागला तरी. नुसतं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा ठरू शकतो. आणि घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावरच्या टोळीत जाऊन पडतो, चावे खातो, त्याच्या लशीची तारीख कुणी बघत नाही.

कळंब्याच्या पुढं सोडलेला तो कुत्रा तिसऱ्या दिवशी पहाटे परत आला. मागच्या पायाला चाव्याच्या खुणा होत्या. दाराबाहेर बसून होता, आतलं बाळ रडलं की उठून उभा राहायचा. त्या वैनींनी मला बोलावलं, म्हणाल्या, काय करू सांगा. त्याला आधी डॉक्टरांकडे नेलं. चावा रस्त्यावरच्या कुत्र्यांचा, म्हणून जखम धुऊन रेबीजच्या लशीचे डोस सुरू केलेत. ते पूर्ण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला मागच्या अंगणात, बाळापासून लांब ठेवलाय. पुढचा डोस गुरुवारी आहे. वैनी बाळाला घेऊन घरी थांबणार आहेत, गाडीत मी बसणार आहे.