मालिका बघायला फी कशाला भरायची?

आज आमच्या कॉलेजात पालकांना अभ्यासक्रम समजावून सांगायचा दिवस होता. मास मीडियाच्या टेबलावर मी बसले होते. एका गृहस्थांनी विषयांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, टीव्ही मालिका आणि म्युझिक व्हिडिओ असं जिथे लिहिलंय त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘मालिका बघायला फी भरायची? हे तर आमच्या घरी हिची आजी फुकटात शिकवते!’ सगळी रांग हसली. शेजारी उभ्या मुलीने कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

तिथे जे बोलायचं ते मी बोलले. पण मागे बरेच पालक खोळंबले होते, म्हणून उरलेलं इथे लिहितेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

मला राग त्या ‘आजी’चा आला. म्हणजे आजीने जे संध्याकाळचे तीन तास मन लावून बघितलं, ज्यावर शेजारणीशी चर्चा केली, ज्यातल्या सुनेसाठी डोळे पुसले, ते बघणं म्हणजे बिनडोकपणाचा नमुना. हे इतकं गृहीत धरलेलं असतं की ते सांगावंसुद्धा लागत नाही, नुसता ‘आजी’ शब्द टाकला की लोक हसतात. क्रिकेट बघणाऱ्या आजोबांवर कुणी असं हसतं का? आजोबांना फिल्डिंगची जाण असते. आजी आपली टीव्हीसमोर बसलेली.

काही वर्षांपूर्वी उरणकडची एक मुलगी आमच्याकडे होती. कोळीवाड्यातली, आई बाजारात मासळी विकणारी. तिने प्रोजेक्टला यूट्यूबवरचे कोळीगीतांचे व्हिडिओ घेतले. मी तिला एवढंच सांगितलं की आधी घरात दाखव आणि घरचे काय बोलतात ते जसंच्या तसं लिहून आण. आईने एक व्हिडिओ पूर्ण बघितला. म्हणाली, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा बघितला आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन नाचणाऱ्या मुलीकडे बोट करून म्हणाली, ‘पाटीन काय नाय तिच्या. भरली पाटी आसती त मान आशी हालली आसती काय?’

मुलीने हे वर्गात वाचून दाखवलं आणि आम्ही सगळे तो व्हिडिओ थांबवत थांबवत बघायला लागलो. खरंच, पाटी रिकामी. एकाही फ्रेममध्ये पाटीच्या आत काय आहे ते दिसत नाही, कॅमेरा कमरेच्या उंचीवरून वर जातो आणि चेहऱ्यावर थांबतो. बर्फ नाही, कोयता नाही, गिऱ्हाईक नाही, घासाघीस नाही. बोट आहे, पण बोटीवर जाळं नाही. अख्ख्या धंद्यातून धंदा काढून घेतला आणि लुगडं, दागिने, समुद्र एवढंच ठेवलं. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्हीचा 1975 सालचा निबंध आम्ही नंतर वाचला, पडद्यावरची बाई कुणाच्या नजरेसाठी मांडलेली असते याबद्दलचा. एरवी तो शिकवताना घाम फुटतो. त्या वर्षी मुलांना तो एका तासात कळला, कारण सुरुवात पाटीपासून झाली होती.

आता सांगा, त्या आईने जे केलं त्याला काय म्हणायचं? मी त्याला चित्रपटसमीक्षा म्हणते. आणि ती कॉलेजात गेलेली नाही म्हणून कॉलेजाची गरज नाही असा अर्थ कुणी काढणार असेल तर थांबा, कारण गोष्ट तिथे संपली नाही.

मुलगी पुढच्या आठवड्यात व्हिडिओ बनवणाऱ्या पोरांकडे गेली. ती पोरंही कोळीवाड्यातलीच, वर्गणी काढून, ड्रोन भाड्याने आणून व्हिडिओ करणारी. तिने विचारलं, आपलीच माणसं असून पाटी रिकामी का? तर पोरं म्हणाली, भरली पाटी डोक्यावर घेऊन दिवसभर नाचणार कोण, आणि लुगडी भाड्याची आहेत, पाटीतलं पाणी गळून डाग पडला तर डिपॉझिट जातं. बस. आम्ही वर्गात नजरेचं राजकारण वगैरे काढून बसलो होतो, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, पण जोडीला भाड्याच्या लुगड्याचं डिपॉझिटही होतं. पडद्यावर जे दिसतं त्याच्या मागे विचारसरणी असते आणि बजेटही असतं. दोन्ही एकत्र बघायला शिकायचं तर वर्ग लागतो, वेळ लागतो, ‘का’ विचारत बसायची परवानगी लागते. म्हणून फी.

तीच मुलगी पुढे कोळीगीतांच्या जुन्या कॅसेटांकडे वळली. वेसावकर आणि मंडळींची गाणी घराघरांत कानाने पोचली, हळदीच्या मांडवात लागली, गाणाऱ्याचा चेहराही अनेकांना माहीत नसायचा. यूट्यूबवर गाणं बघायचं झालं, आणि बघायचं झालं की कोळीण कशी दिसली पाहिजे हे आधी ठरायला लागलं. हे मी सांगितलेलं नाही, हे तिचं आहे. एकोणीस वर्षांची होती.

मालिकांचं बोलायचं तर ‘आई कुठे काय करते’ घ्या. मूळ मालिका बंगाली, 2019 सालची ‘श्रीमयी’. त्याच वर्षी मराठीत आली आणि 2020 मध्ये हिंदीत ‘अनुपमा’ झाली. घरासाठी राबलेली बाई, नवऱ्याचं बाहेर प्रकरण, मग तिचं स्वतःच्या पायावर उभं राहणं, कथेचा सांगाडा तोच. पण देशमुखांच्या घरातली अरुंधती गाते आणि अहमदाबादच्या शहांकडची अनुपमा नाचते. मी वर्गात फक्त एवढंच फळ्यावर लिहिते आणि गप्प बसते. मुलं भांडायला लागतात. मराठी मध्यमवर्गीय घराने चाळिशीतल्या आईला नाचू दिलं असतं का? गाणं चालतं, कारण आपल्याकडे गाणं म्हणजे संस्कार. गरब्याच्या प्रांतात नाच घरचाच. मग कुणीतरी म्हणतं, मराठीतली नटी मुळातच गायिका आहे, म्हणून गाणं. तेही बरोबर! पुन्हा तेच, डिपॉझिट आणि नजर दोन्ही. एका बदलातून घराण्याची इभ्रत, प्रांत, चॅनेलचा हिशोब, नटीचं अंगभूत कसब एवढं सगळं निघतं, आणि हे म्हणतात आजी फुकटात शिकवते.

बरं, यात नवीनही काही नाही. दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका 1984 मध्ये आली ती मेक्सिकोचे निर्माते मिगेल साबिदो यांच्या मालिकांचा धडा घेऊन. तिकडे मालिकांमधून साक्षरता, कुटुंबनियोजन लोकांपर्यंत नेलं होतं, इकडेही तसंच करायचं सरकारच्या मनात होतं. म्हणून तर भाग संपला की अशोक कुमार येऊन दोन शब्द सांगायचे. त्यात भागवंती ही सोसणारी आई ‘असं होऊ नका’ म्हणून दाखवली होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला तर कितीतरी बायकांना तीच आदर्श वाटलेली. सरकारने एक सांगितलं, घराने दुसरंच ऐकलं. माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी 1973 मध्ये हेच मांडलं होतं, की बनवणारा एक अर्थ घालतो आणि बघणारा आपला अर्थ काढतो. करोडो लोकांच्या देशात हे समजून घेणं फालतू असेल तर मग महत्त्वाचं काय आहे ते तरी सांगा.

आणि लाज! आपल्याकडे मालिका बघणाऱ्याला आधी माफी मागावी लागते. ‘मी नाही हो बघत, सासूबाई लावतात, कानावर पडतं.’ मग पुढची वीस मिनिटं सगळ्या पात्रांची खडान्‌खडा माहिती. इएन आंग या संशोधक बाईंनी नेदरलँड्समध्ये हेच पकडलं. तिथल्या बायकांच्या एका मासिकात छोटी जाहिरात दिली, की मला ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका बघायला आवडतं पण लोक विचित्र नजरेने बघतात, तुम्हाला का आवडतं किंवा नावडतं ते कळवा. 42 पत्रं आली, त्यांवर पुस्तक झालं. तिकडच्या बायकाही तशाच सफाई देत होत्या. ते वाचलं तेव्हा मला माझ्या मावशांचीच पत्रं वाचल्यासारखं झालं.

होय, बऱ्याच मालिका वाईट असतात. एका कानशिलात मारण्यावर तीन तोंडांचे तीन-तीन झूम, आठवडाभर ताणलेलं एक गुपित, कटकारस्थान करणारी कायम स्लीव्हलेसमध्ये. मला काय दिसत नाही? पण ती वाईट का होते हेच तर शिकायचंय. रोज बावीस-एक मिनिटं भरायची, दर गुरुवारी रेटिंगचे आकडे येणार, आणि ते आकडे देशभरातल्या पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत टीव्हीला लावलेल्या मीटरवरून. आकडा पडला की ट्रॅक, म्हणजे कथानकाचा धागा, बदला. लेखकाने महिन्याभरापूर्वी पेरलेलं काही उगवायच्या आत उपटलं जातं. मालिका लिहिणाऱ्यांच्या त्या टेबलावर उद्या आमची मुलं बसणार आहेत. ती आंधळी बसावीत का डोळस?

काही कॉलेजांत हा विषय म्हणजे पीपीटी आणि कॉपी-पेस्ट एवढाच उरलाय, हेही मान्य. त्याला विषय काय करणार.

स्टाफरूममधलं मात्र जास्त लागतं. मराठीच्या, इतिहासाच्या विद्वान मंडळींनी ‘तुमचं काय बुवा, टीव्ही लावून बसायचं’ म्हणावं? संत साहित्य शिकवताना तुम्हीच सांगता ना, की लोक जे गात होते त्याचा मान राखायला हवा? मग आज लोक जे बघतात ते हातात घेताना नाक का मुरडता? शंभर वर्षांनी कुणीतरी या मालिकांवरच पीएचडी करेल, तेव्हा मात्र ते संशोधन होईल. लोक जिवंत आहेत, बाजारात मासळी विकताहेत, त्यांना विचारता येतंय, तोवर विचारायचं नाही?

असो. ते गृहस्थ जाताना पुन्हा टेबलाशी आले होते. आवाज खाली आला होता. ‘मॅडम, नोकरीचं काय?’ एवढंच विचारलं. त्यांच्या हातातल्या फाईलमध्ये शैक्षणिक कर्जाचे कागद दिसत होते. माझा राग तिथे थोडा उतरला. मोठ्याने केलेल्या विनोदामागे ही धास्ती होती, आणि ती खोटी नाही. चॅनेलांत सुरुवातीला पैसे कमी, तास अमर्याद, ओळख नसेल तर आणखी वर्षं जातात. मी त्यांना तसंच सांगितलं, गोड करून सांगितलं नाही. उरणची मुलगी आज एका प्रॉडक्शन हाऊसमध्ये एडिटवर आहे आणि घर चालवते, हेही सांगितलं.

आता कामाचं. पुढच्या आठवड्यात आमच्या विभागाची बैठक आहे. या विषयाचे तास कापून ते डिजिटल मार्केटिंगला द्यावेत असा प्रस्ताव आलाय. मी विरोध करणार आहे, लेखी. तुमच्यापैकी जे चॅनेलांत आहेत, एडिटला बसतात, संवाद लिहितात, म्युझिक व्हिडिओ शूट करतात, त्यांनी मला एक-एक शनिवार द्या. मानधन नावापुरतंच मिळेल. भाषण नको. एका भागाचा कच्चा खर्डा आणा आणि त्यावर चॅनेलने मारलेल्या फुल्या आणा, तुमच्या परवानगीने मुलांसमोर उघडू. ज्यांना जमेल त्यांनी खाली तारीख लिहा, मी ती यादी बैठकीत ठेवणार आहे.