उतारावर न्यूट्रल नकोच
तुमचा घाटात गाडी चालवण्यावरचा लेख आवडला, पण त्यातला घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवा, हा सल्ला कृपया काढून टाका. तो कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या काळातला आहे. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाने मोजून इंधन सोडणाऱ्या गाडीत, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे बचत होत नाही, आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना मी एकदा हेच केलं होतं. अर्ध्या वाटेत ब्रेकचा जळका वास यायला लागला, पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. गाडी कडेला घेऊन अर्धा तास थांबलो. मागे दोन्ही मुलं झोपलेली होती. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

वडील सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, वेग वाढल्यावर नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना आधी ब्रेकने वेग कमी करा, मग क्लच हळू सोडा. ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श केला तर गचका बसत नाही. वळणावर क्लच दाबून ठेवू नका, तेही न्यूट्रलसारखंच.

आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. चढावर थांबून पुन्हा निघणं नवशिक्याला फार जड जातं.